रजतपट, स्त्री आणि जात : एका अध्ययनाची कैफियत

१९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात राणी तारामतीची भूमिका अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केली, ही हकीकत मराठी वाचकाच्या इतक्या परिचयाची आहे की ती ऐकून आता कोणास विस्मय वाटत नाही. तथापि चित्रपटाचा अभ्यास महाविद्यालयात का व्हावा आणि त्या अभ्यासात स्त्री आणि जात हे दोन प्रश्न अग्रस्थानी का असावेत, याचे उत्तर ज्याला हवे असेल त्याने प्रथम त्या हकीकतीचाच तपशील पुन्हा एकवार नीट लावून पाहावा. दादासाहेब फाळक्यांनी जाहिराती दिल्या, कलावंतिणींच्या वस्तीपर्यंत चौकशी केली, आणि नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या स्त्रियादेखील कॅमेऱ्यापुढे उभ्या राहण्यास राजी होईनात, तेव्हा ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणाऱ्या सडपातळ तरुणाला त्यांनी साडी नेसवली. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या खऱ्या, परंतु १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये पुन्हा साळुंक्यांनीच राम आणि सीता या दोन्ही भूमिका वठवल्या आणि प्रेक्षकांनी त्या दोघांपुढे सारख्याच भक्तिभावाने हात जोडले. पुढे १९३० च्या सुमारास केरळात ‘विगतकुमारन’ या पहिल्या मलयाळम मूकपटात पी. के. रोझी या दलित तरुणीने नायर घराण्यातील स्त्रीची भूमिका केली, तेव्हा प्रेक्षकांनी दगडफेक केली आणि त्या मुलीला जीव वाचवण्यासाठी परमुलखात परागंदा व्हावे लागले. पुरुषाने सीता व्हावे हे लोकांना चालले. दलित मुलीने सवर्ण स्त्री व्हावे हे चालले नाही. हे दोन दाखले एकमेकांशेजारी ठेवले म्हणजे ध्यानात येते की पडद्यावर कोणी यावे, कोणाच्या रूपात यावे आणि त्याकडे कोणत्या अधिकाराने पाहावे, याविषयीचे अलिखित कायदे या देशात चित्रपटाच्या आधीपासूनच अमलात होते, आणि चित्रपटाने ते प्रथमच सर्वांच्या डोळ्यांसमोर प्रकाशात मांडले.

अमेरिकेतील विद्यापीठांत लिंगभाव, वंश आणि चित्रपट हा अभ्यासविषय गेल्या अर्धशतकात चांगला रुजला आहे. आपल्याकडे त्याचे नाव निघाले की हे परदेशातून आणलेले खूळ आहे, असा आक्षेप हमखास निघतो. मला या आक्षेपाचे उत्तर छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे कालपरवापर्यंतच्या औरंगाबादच्या, भूमीवर उभे राहूनच द्यावेसे वाटते. कारण जातीविषयीच्या आणि स्त्रीविषयीच्या ज्या दोन विचारांच्या संगमातून हा विषय जन्मतो, ते दोन्ही विचार या गावात परके नाहीत.

मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता आणि उच्च शिक्षणाच्या नावाने येथे बहुतांशी अंधारच होता. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. ग्रीक राजा मिलिंदाने निर्भीडपणे प्रश्न विचारावेत आणि भिक्खू नागसेनाने त्यांची उत्तरे द्यावीत, हा बौद्ध वाङ्मयातील प्रसंग ज्या संस्थापकाने आपल्या शिक्षणसंस्थेच्या नावात कायमचा कोरून ठेवला, त्याने विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याची सनदच दिली असे मी मानतो. त्याच संस्थापकाने ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविशीत, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात भारतातील जातींविषयी एक निबंध वाचला होता. त्यातील मध्यवर्ती विचार असा की जात टिकते ती जातीतल्या जातीत विवाह करण्याच्या बंधनामुळे. आणि हे बंधन टिकवायचे तर जातीतील विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या सतत बरोबरीत राखावी लागते. पती मेला म्हणजे स्त्री शिल्लक उरते. तिने जातीबाहेर विवाह केला तर कुंपण मोडते, म्हणून तिला चितेवर चढवावे किंवा सक्तीच्या वैधव्यात कोंडावे. पत्नी मेली म्हणजे पुरुष शिल्लक उरतो. परंतु तो पुरुष असल्यामुळे त्याला जाळता येत नाही, तेव्हा अद्याप विवाहयोग्यही न झालेल्या बालिकांतून त्याला वधू मिळवून द्यावी. सती, वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी म्हणजे निरनिराळे अत्याचार नसून एकाच यंत्राची तीन चाके आहेत, हे निदान त्या तरुण विद्यार्थ्याने तेथे केले. जातीचा प्रश्न आणि स्त्रीचा प्रश्न हे मुळात एकाच दस्तऐवजाची दोन पाने आहेत, हा सिद्धांत पाश्चात्त्य विद्यापीठांत त्या धर्तीची परिभाषा रूढ होण्याच्या कितीतरी दशके आधी मांडला गेला होता.

त्याच्याही आधी, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर जी झोड उठवली, तिने क्षुब्ध होऊन लिहिलेल्या त्या निबंधात ताराबाईंनी तत्कालीन नाटक-कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणाचाही समाचार घेतला आहे. स्त्रीची प्रतिमा कोण घडवतो आणि कोणाच्या सोयीसाठी घडवतो, ही पृच्छा करणाऱ्या त्या आद्य मराठी समीक्षक होत. त्यांचे पुस्तक विस्मृतीत गेले होते, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणले. त्याच साली इंग्लंडात लॉरा मल्व्ही यांचा चित्रपटातील दृश्यसुखाविषयीचा प्रसिद्ध निबंध छापला गेला, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील स्त्री-अभ्यास केंद्राला ताराबाई शिंद्यांचे नाव आहे. ज्या विद्यापीठाच्या स्वतःच्या नावासाठी जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत प्रदीर्घ संघर्ष झाला, माणसे मेली, घरे जळाली, तेथे नाव आणि जात यांचा संबंध विद्यार्थ्याला पुस्तकातून शिकवावा लागत नाही.

आणि अमेरिकेशी असलेला धागा? तोही जुनाच आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, दास्यमुक्तीचे कार्य केल्याबद्दल, अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. १९४६ साली आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे करण्यात आलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या आणि ड्युबॉइस यांनी त्यांना आस्थेने उत्तर धाडले. मिलिंदचे प्राचार्य म. ना. वानखेडे फ्लोरिडा विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन परतले ते कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय सोबत घेऊनच. आणि गंगाधर पानतावणे यांनी येथूनच ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक दशकानुदशके चालवून दलित लेखकांची एक संपूर्ण पिढी लिहिती केली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तिच्या नावातच अमेरिकेतील ब्लॅक पँथरची ओळख होती. कविता, आत्मकथन आणि वैचारिक निबंध या मार्गांनी हा व्यवहार समृद्ध झाला. चित्रपट मात्र या देवघेवीत फार उशिरा आला.

या विलंबाला कारण होते. आपल्या सुशिक्षित वर्गाने सिनेमाला दीर्घकाळ करमणुकीच्या खात्यात टाकले होते, आणि करमणूक म्हणजे अभ्यासाचा शत्रू, अशी घराघरांत ठाम समजूत होती. पुण्यात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, सतीश बहादुर यांनी ‘पथेर पांचाली’सारखा एकेक चित्रपट दृश्यादृश्याने उलगडून दाखवत चित्रपट-रसास्वादाचे शास्त्र घडवले, आणि मग कोठे चित्रपटही ग्रंथासारखा वाचता येतो हे मान्य होऊ लागले. वाचन हा शब्द मी येथे विचारपूर्वक योजतो. वर्गात चित्रपट वाचायचा म्हणजे तो थांबवून, मागे नेऊन, आवाज बंद करून, पुन्हा चालवून पाहायचा. कॅमेरा कोणाच्या उंचीवर ठेवला आहे, प्रकाश कोणाच्या मुद्रेवर पडला आहे, दृश्यात कोण पाहतो आहे आणि कोण पाहिले जात आहे, कोणाला संवाद आहेत आणि कोण केवळ पाणी आणून देऊन निघून जातो, याची नोंद ठेवायची. आणि नंतर त्या नोंदीवरून निष्कर्ष काढायचा. यात कथेचे तात्पर्य सांगणे नाही आणि कलावंतांच्या खाजगी आयुष्याची उठाठेव तर नाहीच नाही.

मल्व्ही यांचे प्रतिपादन थोडक्यात असे की हॉलिवूडच्या प्रचलित चित्रपटांत पाहणारा पुरुष असतो आणि पाहिली जाते ती स्त्री. कॅमेरा नायकाच्या डोळ्यांशी एकरूप होतो, प्रेक्षकही त्याच डोळ्यांनी पाहू लागतो, आणि नायिकेच्या आगमनासरशी कथा थबकून तिचे रूप न्याहाळत राहते. सिद्धांत तेजस्वी आहे, परंतु अपुरा आहे, हे बेल हुक्स या कृष्णवर्णीय लेखिकेने १९९२ साली दाखवून दिले. ज्या देशात गुलामाने मालकाच्या डोळ्याला डोळा भिडवणे हाच गुन्हा होता, तेथे कृष्णवर्णीय स्त्री पडद्याकडे काय म्हणून पाहणार? तिला पडद्यावर पाहिली जाणारी गौरांगना आपली वाटत नाही आणि पाहणारा गौर पुरुष तर मुळीच आपला नव्हे. म्हणून तिचे पाहणे हेच एक विरोधाचे कृत्य होते, असे हुक्स यांचे म्हणणे.

अमेरिकन चित्रपटाच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे या म्हणण्याची खातरजमा होते. १९१५ साली डी. डब्ल्यू. ग्रिफिथ याने ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ काढला. तंत्राच्या दृष्टीने तो त्या काळातील एक महान चित्रपट होता आणि आशयाच्या दृष्टीने एक महान अन्याय होता. त्यात प्रमुख कृष्णवर्णीय पात्रे तोंडाला काळे फासलेल्या गोऱ्या नटांनी केली, आणि गोऱ्या कन्येच्या अब्रूचे रक्षण करणारे वीर म्हणून कु क्लक्स क्लॅनच्या स्वारांना गौरवले. त्याच वर्षी ती विझलेली हिंसक संघटना पुन्हा उभी राहिली. स्त्रीची अब्रू ही सबब पुढे करून वंशद्वेषाचे हत्याकांड कसे समर्थनीय ठरवले जाते, हे आयडा बी. वेल्स या निर्भय पत्रकार स्त्रीने १८९२ मध्येच पुराव्यानिशी लिहून ठेवले होते; ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने १९२० साली ‘विदिन अवर गेट्स’ काढून त्याच गोष्टीची दुसरी बाजू पडद्यावर रुजू केली. पुढे ‘गॉन विथ द विंड’मधील दासीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल यांना १९४० साली ऑस्कर मिळाले, तेव्हा त्या समारंभात त्यांना सहकलाकारांपासून दूर, निराळ्या मेजावर बसवण्यात आले होते. स्वजातीच्या कन्येची अब्रू, तिच्या रक्षणार्थ निघालेले हत्यारबंद पुरुष आणि निराळी पंगत, या तिन्ही गोष्टी मराठी वाचकाला ओळखण्यासाठी भाष्यकाराची गरज पडू नये.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे, आणि ती खुद्द आंबेडकरांनीच घालून दिली आहे. जात म्हणजे वंश नव्हे, हे त्यांनी पुनःपुन्हा सांगितले. १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात तर मानवमितीची मापे देऊन वांशिक उपपत्ती खोडून काढली. चित्रपटाच्या अभ्यासकाला हा भेद केवळ तात्त्विक नाही, तो छायालेखनाचा प्रश्न आहे. कॅमेऱ्याला त्वचेचा वर्ण दिसतो. जात दिसत नाही. मग ती दाखवायची कशी? बिमल रॉय यांच्या १९५९ च्या ‘सुजाता’मध्ये अस्पृश्य कन्येची भूमिका करणाऱ्या नूतनला तिच्या सवर्ण बहिणीपेक्षा सावळी दाखवले आहे, आणि अखेरीस तिचे रक्त सवर्ण मातेच्या रक्ताशी जुळते, यातून समतेचा पुरावा दिला आहे. हेतू उदात्त आहे, नूतनचा अभिनय अविस्मरणीय आहे, परंतु जातीला वर्णाची आणि रक्ताची भाषा देऊन दिग्दर्शकाने तिला नकळत वंशाच्या साच्यात ओतले. तसे पाहिले तर सावळ्या वर्णाला उणेपणाचे चिन्ह मानण्याची सवय आपल्या चित्रकलेची मूळची नव्हे. या शहरापासून शंभरएक किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात कृष्णवर्णी राजकन्या ज्या आदराने आणि ज्या लावण्याने रंगवली आहे, ती पाहिलेल्या विद्यार्थ्याला पावडरीच्या थराखाली चेहरे लपवणाऱ्या आपल्या पडद्याचा दोष झटकन उमगावा. हिंदी चित्रपटाने पुढे आणखी सोपा मार्ग काढला: नायकाला आडनावच द्यायचे नाही. आडनाव नाही म्हणून जात नाही, असा भास होतो. पण घरातील देव्हारा, स्वयंपाकघर, बोलीचे वळण आणि गावातील घराची जागा या सर्व खुणा साक्ष देतच राहतात, आणि त्या टिपणे हेच अभ्यासकाचे काम.

१९१६ च्या त्या निबंधाची कसोटी लावून मराठी चित्रपट पाहिले म्हणजे काय दिसते, ते आता सांगतो. व्ही. शांताराम यांचा १९३७ सालचा ‘कुंकू’ हा ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला बोलपट. मामाने फसवून म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधलेली नीरा त्या लग्नाला लग्न मानण्यास नकार देते. शांता आपट्यांनी ती नीरा अशा तेजाने उभी केली, आणि केशवराव दात्यांनी तो वृद्ध काकासाहेब अशा करुणेने, की प्रेक्षकाला कोणाचाही सरसकट द्वेष करता येत नाही. पार्श्वसंगीत वर्ज्य करून घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा खणखणाट असे घरातलेच आवाज योजल्यामुळे त्या घराचे तुरुंगपण कानांनाही जाणवते. आजवर हा चित्रपट विषमविवाहाविरुद्धची फिर्याद म्हणून वाखाणला गेला आणि ते योग्यच आहे. परंतु आंबेडकरांच्या परिभाषेत काकासाहेब कोण? तो जातीच्या गणितातील शिल्लक उरलेला पुरुष आहे, ज्याच्यासाठी कुंपणाच्या आतूनच एक कोवळी मुलगी शोधून आणली गेली आहे. संपूर्ण चित्रपटात जातीचा प्रश्न म्हणून काही कोणी उच्चारत नाही. तरीही जातीचे यंत्र त्या वाड्यात अहोरात्र चालू आहे. स्त्रीप्रश्नाचा म्हणून मानला गेलेला चित्रपट जातिप्रश्नाचाही असू शकतो, ही दृष्टी एकदा लाभली की जुन्या चित्रपटांचे सगळे दप्तर पुन्हा उघडावेसे वाटते.

याउलट १९३५ चा ‘धर्मात्मा’ जातीविषयी उघड बोलतो. त्याचा नायक आमच्याच जिल्ह्यातील पैठणचे संत एकनाथ. अस्पृश्याच्या घरी जेवणाऱ्या या संताची कथा ‘महात्मा’ या नावाने काढण्याचा प्रभात फिल्म कंपनीचा मानस होता, परंतु त्या नावातील राजकीय सूचन सेन्सॉरला खपले नाही. एकनाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली: आयुष्यभर रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून मराठी कुलस्त्रियांना नेसण्या-सवरण्याचे धडे देणारा नट येथे पुरुषवेषात, मिशीसह, कॅमेऱ्यापुढे आला आणि प्रेक्षक काहीसे बावरले. या चित्रपटातील माणुसकी खरी आहे. पण कॅमेरा सतत दात्याच्या बाजूस उभा आहे. ज्याच्या घरी एकनाथ जेवले त्या घरातील माणसांना त्या दिवशी काय वाटले असेल, हे आपल्याला एकनाथांच्या मुद्रेवरूनच ताडावे लागते.

तमाशापटांविषयी लिहावे तितके थोडे आहे. येथे एवढेच नमूद करतो की १९७२ च्या ‘पिंजरा’मध्ये ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाचे कथासूत्र घेऊन सदाचारी गुरुजीचा एका नर्तकीपायी झालेला अधःपात रंगवला आहे, आणि मल्व्ही यांच्या सिद्धांताने त्यातील निम्मेच उलगडते. उरलेले निम्मे उलगडण्यासाठी हे विचारावे लागते की फडावर नाचणाऱ्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जातींतून आल्या, त्यांना कुलीन गृहिणीचा दर्जा कोणत्या नियमाने नाकारला गेला, आणि पाहणाऱ्याच्या पतनाचा दोष पाहिल्या जाणारीच्या माथी का बसला. शर्मिला रेगे यांनी १९९५ साली लावणी-कलावंत स्त्रियांविषयी जे संशोधन प्रसिद्ध केले, त्यात जात, श्रम आणि लैंगिकता यांची ही गाठ त्यांनी फार समर्थपणे सोडवली आहे. ज्या विद्यार्थ्याला एकच लेख वाचायला सवड असेल त्याने तो वाचावा, अशी माझी आग्रहाची शिफारस राहील.

परंतु या अध्ययनाची खरी परीक्षा नागराज मंजुळे यांच्या दोन चित्रपटांत होते. ‘फँड्री’चा (२०१३) नायक जब्या हा कैकाडी समाजातील शाळकरी मुलगा, त्याचे मन शालू या वरच्या जातीतील वर्गमैत्रिणीवर जडलेले आहे. पूर्वार्धात कॅमेरा जब्याच्या डोळ्यांनी शालूला पाहतो, आणि वरकरणी मल्व्ही यांच्या सूत्राप्रमाणेच सारे चालले आहे असे वाटते. पण हे पाहणे स्वामित्वाचे नाही. तो लपून पाहतो, बोलत नाही, चेहरा उजळावा म्हणून पावडर लावतो, काळ्या चिमणीची राख मिळवून तिला वश करण्याची स्वप्ने पाहतो. उत्तरार्धात पारडे फिरते. घरातील मुलीच्या लग्नाच्या खर्चाची विवंचना असलेला बाप डुकरे धरण्याचे काम पत्करतो, जब्याला त्याच्यासोबत रानात उतरावे लागते, आणि गाव व शाळासोबती कडेला जमून गंमत पाहतात. त्या गर्दीत शालूही आहे. आता पाहणारी मुलगी आहे आणि पाहिला जाणारा मुलगा. पुरुषाची नजर आणि स्त्रीचे रूप हे समीकरण जातीने एका क्षणात उलटे केले. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच ते कुटुंब जागच्या जागी स्तब्ध उभे राहते आणि डुक्कर निसटते. मारलेले डुक्कर काठीला बांधून नेताना पाठीमागच्या भिंतीवर आंबेडकरांचे आणि सावित्रीबाईंचे चित्र दिसते. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर येतो. त्या दगडाने पाहण्याचा सगळा व्यवहारच प्रेक्षकाच्या पदरात टाकला जातो. इतका वेळ अंधारात सुखाने बसलेला मी त्या गावगर्दीतच होतो, हे प्रत्येकाला कबूल करावे लागते. आणि तरीही विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारलाच पाहिजे: शालूच्या मनात काय आहे? चित्रपट ते सांगत नाही. जातीच्या अन्यायाची एवढी सूक्ष्म नोंद घेणारी दृष्टीही त्या मुलीला दुरूनच पाहते. हा प्रश्न विचारल्याने चित्रपटाची थोरवी उणावत नाही, असे माझे मत आहे.

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. कोलंबियातील त्या निबंधाला तेव्हा बरोबर शंभर वर्षे होत आली होती. अर्चना पाटील, म्हणजे आर्ची, बुलेट चालवते, ट्रॅक्टर हाकते, परश्याकडे निःसंकोच टक लावून पाहते. मराठी पडद्यावर इतक्या मोकळ्या नजरेची नायिका क्वचितच आली असेल. तिचे हे सामर्थ्य पाहून प्रेक्षागृहे दुमदुमली. अभ्यासकाने मात्र शांतपणे विचारावे की हे सामर्थ्य आले कोठून. ज्या घराण्याच्या बळावर तिचा भाऊ भरवर्गात प्राध्यापकाच्या थोबाडीत मारतो आणि त्याच्या केसालाही धक्का लागत नाही, त्याच घराण्याच्या बळावर आर्चीची बुलेट धावते. जोवर ती शक्ती जातीच्या कुंपणाच्या आत खर्च होते तोवर ती तिची आहे. ज्या दिवशी ती स्वतःच्या निवडीसाठी, परश्या या पारध्याच्या मुलासाठी वापरू पाहते, त्या दिवशी ती परत घेतली जाते. मग हैदराबादेत, जेथल्या दरबारी एके काळी मराठवाड्याचे अर्ज-फाटे जात असत त्या शहरात, परक्या भाषेत, पत्र्याच्या खोपटात ती दोघे नव्याने जगायला शिकतात; कारखान्यातील नोकरी करणारी, हळूहळू स्वतःचे पैसे मोजणारी ती आर्ची मला बुलेटवरील आर्चीपेक्षा अधिक स्वतंत्र वाटते. आणि अखेरीस माहेरची भेटवस्तू घेऊन भाऊ दारात येतो. पुढे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. त्या दृश्यातून दिग्दर्शकाने आवाज काढून घेतला आहे, आणि लहानग्याची रक्ताळलेली पावले तेवढी उरतात. जातिबाह्य विवाहाने कुंपण मोडते आणि म्हणून कुंपणाचे राखणदार स्त्रीच्या जिवावर उठतात, हा १९१६ चा सिद्धांत इतक्या अचूकपणे भारतीय पडद्यावर यापूर्वी क्वचितच उतरला असेल. याच कथेचे २०१८ साली ‘धडक’ हे हिंदी रूपांतर निघाले आणि त्यात जात जवळजवळ पुसून टाकली. ती दोन्ही चित्रणे एकाच आठवड्यात वर्गात दाखवावीत. जात वजा केल्यावर शोकांतिका कशी निव्वळ अपघात होऊन बसते, हे विद्यार्थ्यांना आपोआप दिसेल.

या गावात नाटक-चित्रपटाची निर्मितीही कमी नाही. मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी म. भि. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ बाबासाहेबांसमोर केले त्या काळापासून येथे रंगभूमी हे विचाराचे साधन राहिले आहे. लेखक प्रशांत दळवी आणि दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी हे याच शहरातून पुढे आले. त्यांच्या १९९१ च्या ‘चारचौघी’ या नाटकाने मध्यमवर्गीय घराला स्त्रीच्या निर्णयाविषयी विचार करायला लावले, आणि १९९९ च्या ‘बिनधास्त’ या चित्रपटात तर पडद्यावर पुरुषपात्रच नाही. पुरुष नसलेल्या चित्रपटातही पुरुषी नजर उरते का, हा एका संपूर्ण सत्राच्या निबंधाचा विषय आहे.

एक काम मात्र अद्याप जवळजवळ अस्पर्श राहिले आहे, आणि ते येथील विद्यार्थ्यांवाचून दुसरे कोणी करणार नाही. चित्रपटांविषयी आपण लिहितो, पाहणाऱ्यांविषयी लिहीत नाही. जुन्या टॉकीजमध्ये बायकांसाठी निराळा जनाना दर्जा असे, तंबूतल्या सिनेमाला मधोमध पडदा लावून एका बाजूला बायका व दुसऱ्या बाजूला पुरुष बसत, थर्ड क्लासात जमिनीवर कोण बसे आणि खुर्च्यांवर कोण, याला गावोगावी तिकिटाच्या दराखेरीज इतरही कारणे असत. पैठण, खुलताबाद, कन्नड, वैजापूर, सिल्लोड येथील आज सत्तरी-ऐंशी गाठलेल्या आजींनी पहिला सिनेमा कोणाच्या परवानगीने पाहिला, घरी काय सांगून पाहिला, पडद्यावरच्या कोणत्या बाईकडे पाहून त्यांना धीर आला आणि कोणत्या दृश्याला त्यांनी मान खाली घातली, हे विचारायला कॅमेराही लागत नाही. वही-पेन्सिल आणि निवांत दुपार पुरते. मराठवाडी बोलीत दिलेली ती उत्तरे जशीच्या तशी उतरवून घ्यावीत, सांगणारीने परवानगी दिली तरच तिचे नाव लिहावे, आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्यांचे एक स्वतंत्र दप्तर तारीखवार लावून ठेवावे.